बिनबियांचं द्राक्ष

काटा साडेसहावर थांबला तो थांबलाच. मी झोळी जरा हलवून बघितली, ईश्वरीचे लोंबणारे पाय वर धरून सोडले, काट्याच्या काचेवर टिचकीसुद्धा मारली. काटा ढिम्म.

"काट्याला कशाला मारते?" भिंतीला टेकून बसलेली कावेरी म्हणाली. "मघाशी माझ्या पोराला बरोबर तोललं ना त्यानं?"

बाकीच्या बाया हसल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. गावातल्या सदुसष्ट पोरांची वजनं घेणारी मी, तक्त्यावर टिंब देणारी मी, आणि टिंब कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात गेलं की त्या पोराच्या आईला चार गोष्टी ऐकवणारीही मीच. आता अंगणवाडी सेविकेचीच पोरगी, दहा महिन्यांची, सलग तिसऱ्या महिन्यात साडेसहा किलोवर ठाण मांडून बसली होती. दोन महिन्यांपूर्वी तिचं टिंब हिरव्यात होतं, गेल्या महिन्यात काठावर आलं आणि आज पिवळ्यात उतरलं. मी ते टिंब दिलं.

मग स्वतःची लाज झाकायला जे माणूस करतं तेच मी केलं, दुसऱ्याकडे वळले.

"कावेरी, सार्थकला घरचं जेवण दे आता. दोन वर्षांचा होईल पुढच्या महिन्यात, अन् वजन पावणेनऊ. दूध-बिस्किटाच्या लगद्यावर किती दिवस काढशील?"

कावेरीने सार्थकच्या सदऱ्याची गुंडी लावली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आधी तुझीला दे. तू दिलं की मी देते."

यावर कोणी हसलं नाही. कावेरी पोराला भाकरीचा तुकडा का देत नाही हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आदल्या संक्रांतीला तिच्या घरी सार्थकचं बोरन्हाण होतं. पाटावर बसवून पोराच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे ओतले. आमचा सगळा द्राक्षांचा मुलूख, म्हणून त्यात द्राक्षंही होती, हंगामातली पहिली. पोरासोरांची लुटालूट चालू असताना अकरा महिन्यांच्या सार्थकच्या घशात एक सबंध द्राक्ष अडकलं. माझ्या सासूबाईंनी त्याला उचललं, हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर अशा थापा घातल्या की चौथ्या थापेला द्राक्ष टपकन जमिनीवर पडलं. पोर वाचलं. पण त्या दिवसापासून कावेरीने त्याच्या तोंडात चावायचं म्हणून काही घातलं नाही.

आणि मीही माझ्या ईश्वरीच्या तोंडात नाही. तिचं कारण मात्र गावाला ठाऊक नव्हतं.

घरी आले तर सासूबाई चुलीपुढे होत्या. गाव त्यांना गयाआजी म्हणतं, मी आत्याबाई म्हणते. आमचे हे हंगामात पहाटेच टेम्पो घेऊन पिंपळगावच्या बाजाराला जायचे ते दिवेलागणीला यायचे, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही तिघीच.

"किती भरली?"

"साडेसहा."

"मागं बी साडेसहा."

मुगाची खिचडी मऊ शिजवली होती, ती मिक्सरमधून काढली आणि मग चहाच्या गाळणीत घालून चमच्याने घासत बसले. खाली वाटीत पिवळसर पाणी पडत होतं.

"चहा गाळू राहिली का खिचडी?" आत्याबाई म्हणाल्या. "आगं, चार दात आलेत पोरीला. ते काय देवानं फोटोत दिसायला दिलेत? गाळणीत उरलं ते जेवण, अन् वाटीत पडलं ते पानी. ते पानी तू तिला पाजते अन् जेवण कोंबड्यांना टाकते. कोंबड्या बघ आपल्या, कशा झाल्यात!"

कोंबड्या खरंच गुबगुबीत झाल्या होत्या.

"मोठी झाली की देईन."

"जेवल्याबिगर मोठी व्हती का कोनी?" त्यांनी भाकरी उलथली. "संक्रांत आली आठ दिवसांवर. तुला बोरं नको तर बोरं नको. चुरमुरे अन् झेंडूच्या पाकळ्या घालू तिच्या डोक्यावरून, माझं काही म्हननं नाही. पन पोरगी जेवली पायजे."

मी हंडा घेऊन पाणी आणायला बाहेर गेले. परत आले तर ईश्वरी आत्याबाईंच्या मांडीवर ताठ बसलेली, हातात भाकरीची तुकडी, वरणात भिजवलेली. तोंड चालू होतं. हंडा मी कुठे ठेवला मला आठवत नाही. धावत जाऊन तिच्या तोंडात बोट घातलं आणि आत जे लागलं ते ओढायला लागले. ईश्वरी कोंडली, घुसमटल्यासारखी झाली, तिला मोठ्ठी ओकारी आली, सकाळपासूनचं दूध माझ्या हातावर पडलं आणि ती जीव खाऊन रडायला लागली.

आत्याबाईंनी तिला माझ्याकडून काढून घेतलं, तोंड पुसलं.

"तिला काही झालं नव्हतं," त्या शांतपणे म्हणाल्या. त्या शांत झाल्या की मला जास्त भीती वाटते. "चाबलत होती. जे झालं ते तुझ्या बोटानं झालं."

मंगळवारी लसीकरणाला गांगुर्डे सिस्टर आल्या. उपकेंद्राच्या जुन्या सिस्टर, अर्ध्या तालुक्याच्या पोरांना त्यांनी सुया टोचल्या असतील. पोरं त्यांना बघून दुरूनच रडायची. बाया गेल्यावर मी त्यांना चहा दिला आणि ईश्वरीचा तक्ता पुढे ठेवला. दुसऱ्या कोणी दाखवण्याआधी आपणच दाखवलेलं बरं.

"काय देतेस?"

सांगितलं. गाळणीचंही सांगितलं, बोटाचंही.

"बोट घातलंस?" सिस्टरनी कप खाली ठेवला. "दोन वर्षांपूर्वी प्रशिक्षणात माझ्या शेजारी बसली होतीस ना तू? का झोपली होतीस? आत काय आहे ते दिसत नसताना बोट घातलं की बाहेरचं आत जातं, बाई."

"ती कोंडली की मला काही सुचत नाही सिस्टर."

"कोंडणं वेगळं अन् अडकणं वेगळं. नवीन नवीन खाताना पोर कोंडतं. खोकतं, तोंड लाल होतं, डोळ्यात पाणी येतं, ओकारीसारखं करतं. पण आवाज येतो. आवाज येतोय तोवर वारा आत-बाहेर चालू आहे. तोवर आपण आपले हात आपल्या मांडीवर ठेवायचे. तेच पोर घास पुढे ढकलतं अन् शिकतं. आवाज बंद झाला, पोर नुसतं तोंड उघडून राहिलं, ओठ निळे पडायला लागले, मग मात्र एक क्षण थांबायचं नाही. तुझ्या सासूनं केलं तेच करायचं. त्यांना कोणी शिकवलं होतं?"

"शेळीच्या करडाला करतात म्हणे तसं."

"बरोबर केलं. एका बाजूनं थापा, दुसऱ्या बाजूनं दवाखान्याची गाडी बोलवायची." सिस्टरनी चहा संपवला. "शनिवारी माता बैठक आहे ना तुझी? तिथंच पोरीला भरव. सगळ्या बायांसमोर. घरात तुला पळायला जागा आहे, तिथं नाही."

"मी?"

"नाही तर कोण? त्या कावेरीचं पोर बघितलंस? हातपाय काड्या झालेत. तिला तुझ्या भाषणानं नाही पटणार. तिला तुझ्या पोरीचं तोंड हलताना दिसलं पाहिजे."

मी हो म्हणाले. माझा एक स्वभाव आहे, चांगला की वाईट देव जाणे: तोंडातून एकदा हो गेलं की मग मी मागे हटत नाही. दहावीला दोनदा गणितात गेले तरी तिसऱ्यांदा बसले आणि सुटले. तसंच हेही करायचं, मी ठरवलं. बुधवारी एक घास, गुरुवारी दोन, शुक्रवारी तीन, आणि शनिवारी बायांसमोर आरामात.

बुधवारी डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची, फोड मऊ उकडली, बोटाएवढी लांब कापली, तिच्या मुठीत मावेल अशी. ईश्वरीला ताठ बसवलं. फोड पुढे केली. तिने दोन्ही हात पसरले. माझा हात तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला आणि तिथून पुढे जाईना. ती वाकून वाकून फोड धरायला बघत होती आणि मी तसतसा हात मागे घेत होते. शेवटी ती रडली आणि मी गाळणी काढली.

गुरुवारी तेच. त्या दिवशी डोळे मिटून देऊन बघितलं. डोळे मिटले तर जास्तच दिसलं.

शुक्रवारी दुपारी आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. मी तिसऱ्यांदा हरले होते. डांगराची फोड माझ्या हातातच कुस्करली होती आणि ईश्वरी पाटावर हात आपटत होती. मी तिथेच भुईवर बसले.

"आत्याबाई, ते द्राक्ष खाली पडलेलं नव्हतं."

त्यांनी सूप थांबवलं नाही.

"सार्थकनं भुईवरनं उचललं असं सगळे म्हणतात, ते खरं नाही," मी म्हणाले. "त्याच्या..."

"तू दिलं. ठाऊक हाय."

सुपातला एक खडा त्यांनी बाजूला टाकला.

"समोरच बसले व्हते मी. आपल्याच बागेतला घड व्हता. तू त्यातला मनी तोडला, पदराला पुसला, अन् त्याच्या हातात दिला."

आज चौदा वर्षं झाली तरी हे लिहिताना माझी बोटं गार पडतात. झालं होतं ते असं. मला सातवा महिना होता. खाली बसता येत नव्हतं म्हणून मला खुर्ची दिली होती. सार्थक रांगत माझ्या पायाशी आला आणि माझा गुडघा धरून उभा राहिला. मला इतकं भरून आलं त्याला बघून! बोर द्यावं तर त्यात आठोळी, शेंगदाणा तर नकोच, एवढं मला कळत होतं. सेविका होते ना मी. मग द्राक्ष तोडलं. बिनबियांचं, थॉमसन. मनात म्हटलं, यात बी नाही, याला काय होतंय. आमच्याकडे सगळे हेच धरून चालतात. बी नाही म्हणजे काळजी नाही. द्राक्षच मुळात पोराच्या घशाच्या मापाचं असतं, हे पिढ्यानपिढ्या द्राक्षं पिकवणाऱ्या एकाही माणसाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

तो खोकलासुद्धा नाही. माझा गुडघा धरून उभाच राहिला, तोंड उघडं, आणि त्यातून काहीच येत नव्हतं. मी बघत होते, आणि मला वाटलं तो हसतोय.

त्यानंतरची गोष्ट याहून वाईट आहे. पोर वाचल्यावर कावेरीची सासू सगळ्यांदेखत तिला बोलली, "हळदीकुंकवाच्या नादात पोराकडं लक्ष नाही. खाली पडलेलं उचलून घातलं त्यानं तोंडात." नवराही बोलला. कावेरी मान खाली घालून उभी होती. मी खुर्चीतच बसून होते आणि गप्प होते. आणि दुसऱ्या दिवशी, सेविका म्हणून, गृहभेटीला तिच्या घरी गेले आणि तिला म्हणाले, "लक्ष ठेवत जा गं बाई पोराकडे."

"मग तेव्हाच का नाही बोललात?" मी आत्याबाईंना विचारलं.

"तुझ्या पोटात लेकरू व्हतं. म्हटलं, सुटू दे सुखानं, मंग सांगंल आपनहून. वरीस झालं. वाट बघू राहिले."

"मला तोंड नव्हतं सांगायला."

"मला नको सांगू. मला सांगून काय उपेग?" त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तू ईश्वरीपुढं घास नेते, तवा तुला ईश्वरी दिसतच नाही. तुला ते पोर दिसतं. जिला सांगायचं तिला सांग, मंग तुला तुझी पोरगी दिसंल."

शनिवारी दोन वाजता अंगणवाडीत अकरा बाया आल्या. सतरंजी टाकली होती. सिस्टरना शेजारच्या गावी जावं लागलं, त्या आल्या नाहीत. आत्याबाई ईश्वरीला घेऊन पुढेच बसल्या. कावेरी सगळ्यात शेवटी आली आणि सार्थकला मांडीवर घेऊन दाराजवळ टेकली.

मी ताट मांडलं. वरणात भिजवून मऊ केलेली भाकरी, डांगराच्या फोडी, पिकलेलं केळं, उकडलेलं अंडं, वाटीभर द्राक्षं. बोलायला लागले. पोराला निजवून भरवू नका, ताठ बसवा. रांगताना, खेळताना, हसवत हसवत भरवू नका. भरवताना समोर बसा, भांडी घासायला उठू नका. फुटाणे, शेंगदाणे, कच्चं गाजर एवढ्यात नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं, झोपेतही म्हणता आलं असतं.

मग मी द्राक्ष उचललं, साल काढली आणि सुरीने उभं चिरलं.

"द्राक्ष असं उभं चिरायचं, चार फोडी करायच्या. बी नाही म्हणून सबंध द्यायचं नाही. बी नसलं तरी..."

सुरी मी ताटात ठेवली. बाया वाट बघत होत्या. एकीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. मी पाणी प्यायले नाही. प्यायले असते तर बोलले नसते.

"कावेरी," मी म्हणाले. "गेल्या संक्रांतीला सार्थकनं द्राक्ष खालून उचललं नव्हतं. मी दिलं होतं त्याच्या हातात. बी नाही म्हणून दिलं. तुझं लक्ष होतं की नव्हतं याचा काही संबंध नाही. तू हळदीकुंकू लावत होतीस, अन् मी दिलं."



"काय म्हणालीस?" कावेरी म्हणाली.

मी पुन्हा म्हणाले. सगळं, पहिल्यापासून.

"अन् दुसऱ्या दिवशी माझ्या घरी येऊन, माझ्या सासूसमोर, मला म्हणालीस लक्ष ठेवत जा."

"हो."

"वर्षभर दर महिन्याला माझ्या पोराला तोलून मला शिकवत होतीस."

"हो."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती उठली, सार्थकला कडेवर घेतलं आणि चपला हातात घेऊनच बाहेर पडली.

बाया आपापसात कुजबुजायला लागल्या. एक वयस्कर बाई म्हणाली, "जाऊ दे योगिता, आज राहू दे. बैठक सोमवारी घे."

"नाही," मी म्हणाले. "बसा सगळ्या. मी माझ्या पोरीला भरवणार आहे अन् तुम्ही बघणार आहात."

माझा आवाज इतका कडक आला की आत्याबाईंनी ईश्वरीला लगेच माझ्यासमोर पाटावर बसवलं, जणू मी साहेबीण होते. मी भाकरीचा भिजलेला तुकडा घेतला आणि तिच्या तोंडाकडे नेला. हात थांबायच्या जागी थांबला. मग मी ईश्वरीकडे बघितलं. वरच्या ओठावर घामाचे दोन थेंब, उजव्या कानापाशी डास चावलेला, आणि घासावर खिळलेले डोळे. माझी भुकेली पोरगी. मी घास दिला.

ती चावली. हिरडीने, चार दातांनी, गालाने, जसं जमेल तसं. अर्धं हनुवटीवर आलं. आणि मग ती कोंडली.

जीभ बाहेर आली, तोंड लालबुंद झालं, डोळे भरले. घर्र घर्र असा आवाज. समोरच्या दोघीतिघी "आगं आगं" करत गुडघ्यावर उठल्या. माझा उजवा हात आपोआप पुढे गेला, तो मी डाव्या हाताने धरला आणि मांडीवर दाबून ठेवला.

"कोणी हात लावू नका," मी म्हणाले. "आवाज ऐका. आवाज येतोय."

माझ्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मी बायांना शिकवत होते. "आवाज येतोय म्हणजे वारा चालू आहे. तिचं ती करील. आवाज बंद झाला तरच." ईश्वरी खोकली. पुन्हा खोकली. तुकडा पुढे आला, जिभेवर दिसला. तिने तो थुंकला नाही. पुन्हा गालात घेतला, चावत बसली, आणि मग गिळला. गळा हललेला आम्ही सगळ्यांनी बघितला.

तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. आ केलं, मोठ्ठं.

आत्याबाई म्हणाल्या, "दे ना आता. बघत काय बसली?"

त्या दुपारी तिने पाव भाकरी, डांगराच्या दोन फोडी आणि चिरलेल्या द्राक्षाच्या दोन फोडी खाल्ल्या. बाया घरी गेल्या. जाताना एक जण माझ्या पाठीवर हात ठेवून गेली, एक जण माझ्याशी न बोलता गेली. दोघींचंही बरोबर होतं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. ह्यांनाही बाजारातून येताना वाटेतच कळलं. ते घरी येऊन ईश्वरीला जेवताना समोर बसून बघत राहिले.

रविवारी कावेरीचं दार बंद होतं. मी दोनदा जाऊन आले.

सोमवारी सकाळी आत्याबाई ओसरीवर ईश्वरीला भरवत होत्या आणि मी अंगणवाडीला जायचं आवरत होते, तेव्हा फाटक वाजलं. कावेरी. एकटीच, पोर बरोबर नव्हतं. आत ये म्हटलं तर आली नाही. अंगणातच उभी राहिली.

"काल त्याला भाकरी दिली," ती म्हणाली. "वरणात भिजवून. तिसऱ्या घासाला कोंडला."

"मग?"

"आवाज येत होता. थांबले मी." तिने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला. "गिळला त्यानं. अर्धी खाल्ली."

मी पुढे झाले, तशी ती एक पाऊल मागे सरकली.

"तुझ्याशी गोड बोलायला नाही आले मी, योगिता. माझ्या सासूला परवाच समजलं, कोणीतरी सांगितलं. ती म्हणते, सेविकेला मोठेपणा मिरवायचाय म्हणून तुझं पाप आपल्या अंगावर घेऊ राहिली. नवरा पण तेच म्हणतो. वर्षभर माझ्या हातून पोराला घास जात नव्हता, अन् अजून त्यांच्या लेखी मीच. बायांसमोर सांगितलं, ठीक केलं. आता माझ्या घरी चल. माझ्या सासूसमोर बस, अन् माझ्या नवऱ्यासमोर, अन् सांग. त्यांना पटेपर्यंत सांग."

तिची सासू म्हणजे बोलायला लागली की गल्ली जमते. ती मला काय काय म्हणेल ते मला त्याच क्षणी ऐकू यायला लागलं. माझी अंगणवाडी, माझी नोकरी, गावातलं माझं ताई म्हणवणं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी पदर सारखा केला.

"आत्याबाई..."

"जा," त्या म्हणाल्या. "पोरीचं मी बघते."

ईश्वरीच्या गालात घास होता आणि ती नुकतीच खोकायला लागली होती. चांगली मोठ्याने खोकत होती. मी पायात चपला सरकवल्या आणि कावेरीच्या मागोमाग फाटकाबाहेर पडले. मागे वळून बघितलं नाही.